‘काल का आली नाहीस?’ असे विचारणारे कोणी हवे : ऑनलाइन विद्यार्थ्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बुलडाणा
प्रत : संबंधित विद्यापीठांचे कुलसचिव

विषय : ऑनलाइन शिकणाऱ्यांचे तालुकापातळीवर गट करण्याबाबत

महोदय,

आम्ही शेती, नोकरी, घर सांभाळून ऑनलाइन शिकणारे जिल्ह्यातील विद्यार्थी आहोत.

१९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. त्या दूरशिक्षणातही अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रे ठेवली गेली, कारण पुस्तक घरी पोहोचले तरी सोबत पोहोचत नाही. आज ऑनलाइन तासात व्याख्यान घरी येते, पण शेजारचा बाक राहून जातो.

लोणार तालुक्यातील आमची एक सभासद पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून तास करते. सोयाबीन सोंगणीत तिचे दोन आठवडे बुडाले. परतल्यावर पडद्यावर तेच गोल, त्यांत तीच आद्याक्षरे; कोणी काही विचारले नाही. पुढच्या महिन्यात तिने परीक्षेचा अर्जच भरला नाही. अभ्यास अवघड होता म्हणून नव्हे. आपण नसल्याने कोणाचे काही अडत नाही, असे तिला वाटले.

केंद्राच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन व्यासपीठावरील अभ्यासक्रमांचे चार भाग ठरलेले आहेत : चित्रफिती, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन. २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय त्यावरून घेता येतात. म्हणजे चर्चा हा शिक्षणाचाच भाग आहे, वरकड नव्हे. चर्चेला सोबत लागते, आणि ती जपायची रीत आपल्याकडे आहेच. बचत गटात एखादी बाई बैठकीला आली नाही, तर दुसरी तिच्या दारात जाते.

म्हणून आमच्या मागण्या :

१. दहा-बारा विद्यार्थ्यांचा तालुकावार गट करावा. प्रत्येक गटाला एक मार्गदर्शक शिक्षक द्यावा.
२. सलग दोन तासांना गैरहजर राहणाऱ्यास गटातून फोन जावा. तो विचारपूस करण्यासाठी असावा, दंडासाठी नव्हे.
३. प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटे बोलण्यासाठी राखावीत. वऱ्हाडीत प्रश्न विचारणाऱ्यास अडवू नये.
४. रविवारी सार्वजनिक ग्रंथालयात गटाला बसायला जागा व इंटरनेट मिळावे. जळगाव जामोद, संग्रामपूरच्या सातपुड्यातील गावांपासून सुरुवात व्हावी.
५. सत्रातून एकदा प्रत्यक्ष मेळावा घ्यावा. येण्या-जाण्याचे एसटी भाडे मिळावे.

यासाठी आपण विद्यापीठे, ग्रंथालये व आमचे प्रतिनिधी यांची बैठक बोलवावी. गटांच्या याद्या करण्याचे काम आम्ही स्वतः करू. सोंगणीवरून परतलेल्या बाईला पहिल्याच तासाला ‘काल का आली नाहीस?’ हे ऐकू यावे, एवढ्यासाठी ही धडपड आहे.

आपले,
ऑनलाइन शिकणारे विद्यार्थी, बुलडाणा जिल्हा