‘रिकव्हर्ड’ म्हणे!

परवा काकांचा फोन. "लॅपटॉप फार स्लो झालाय रे, बघतोस का जरा?" घरात एक सॉफ्टवेअरवाला असला की तो अख्ख्या खानदानाचा हार्डवेअरवाला होतो. गेलो शनिवारी. पेन ड्राइव्ह लावला, सी ड्राइव्ह क्विक फॉरमॅट केला, नवं विंडोज टाकलं. दोन तासांत मशीन पळायला लागलं, पोहे झाले, कौतुक झालं. मग काकांनी विचारलं, "आजीचे व्हिडिओ कुठेत रे? डेस्कटॉपवर होते."

डेस्कटॉप सी ड्राइव्हवरच असतो, हे मला माहीत होतं. काकांना नव्हतं. विचारायचं काम माझं होतं. विचारलं नाही.

मग काय, रिकव्हरी सॉफ्टवेअर. रात्रभर चाललं. सकाळी हिरव्या अक्षरांत निकाल: 46 व्हिडिओ ‘रिकव्हर्ड’. मी लगेच फोन केला, "काका, सापडले!" प्रत्यक्षात चालले 7. आजीचा त्यात एकही नाही. काका एवढंच म्हणाले, "अरे, पण सापडले म्हणालास ना?"

माझं भांडण या एका शब्दाशी आहे.

क्विक फॉरमॅटमध्ये डेटा पुसला जात नाही, फक्त कुठली फाइल कुठे आहे याची नोंदवही कोरी होते. मग नवं विंडोज येऊन त्याच जागेवर वीसेक जीबी पसरून बसतं. नोंदवही नाही म्हटल्यावर सॉफ्टवेअर डिस्कवर फायलींच्या सुरुवातीच्या खुणा शोधतं. "इथे एमपी4 सुरू होतेय" एवढं दिसलं की पुढचे बाइट्स ओळीने उचलायचे. मूळ फाइल तुकड्यांत पसरलेली असेल तर मध्ये भलत्याच फाइलचा डेटा घुसतो. नाव गेलेलं असतं, शेवट अंदाजाने ठरवलेला असतो. आणि याची मोजणी मात्र ‘रिकव्हर्ड’मध्ये!

एमपी4चं दुखणं तर आणखी वेगळं. कुठली फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे याची अनुक्रमणिका ‘मूव’ नावाच्या भागात असते, आणि फोन ती बहुधा रेकॉर्डिंग थांबल्यावर, शेवटी लिहितो. तेवढा शेवट गेला की आतलं सगळं शाबूत असूनही प्लेअर हात वर करतो. याउलट एमपी3ची प्रत्येक फ्रेम स्वतःची ओळख घेऊन येते, त्यामुळे तुटकी फाइलही बरीचशी वाजते. म्हणजे जी गाणी कुठेही परत मिळाली असती ती सगळी वाजली. जे पुन्हा कधीच रेकॉर्ड होणार नाही, ते गेलं.

यावर आपल्या जमातीचा ठरलेला सल्ला: "कोडेक पॅक टाकून बघ." अहो, व्हीएलसी स्वतःचे कोडेक सोबत घेऊन येतो. त्यालाही जमत नसेल तर बहुतेक वेळा दोष फाइलमध्ये आहे. ‘अनट्रंक’सारखं साधन त्याच फोनचा एखादा धडधाकट व्हिडिओ नमुना म्हणून घेऊन अनुक्रमणिका पुन्हा बांधू शकतं, पण आतला डेटा शिल्लक असेल तरच. मी तेही केलं. नव्हता.

सापडलेली फाइल डिकोड करून बघणं आणि मग आकडा सांगणं अशक्य आहे का? मुळीच नाही. एफएफएमपेग फुकट आहे. पण मग 46चे 7 होतात, आणि 7 या आकड्यावर लायसन्स खपत नाही.

दुसरा सल्ला: "बॅकअप घ्यायला हवा होता." कोणी? बासष्ट वर्षांच्या काकांनी? बॅकअप म्हणजे काय हे ज्याला कळतं, पेन ड्राइव्ह ज्याच्या हातात आहे, जबाबदारी त्याची. "फॉरमॅट मारून टाक" हे आपण "खिडकी उघड"च्या चालीवर म्हणतो. आणि हे नशीब जुन्या हार्ड डिस्कचं. एसएसडीवर ट्रिम चालू असेल तर शोधायलाही सहसा काही उरत नाही.

माझा नियम आता साधा आहे. कोणाचंही मशीन फॉरमॅट करण्याआधी यूजर्स फोल्डर पूर्ण दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायचा, त्यातल्या चार फायली उघडून बघायच्या, आणि मालकाला शेजारी बसवून विचारायचं, "यातलं काय गेलं तर रडू येईल?"

वेळ नसेल तर लॅपटॉप स्लोच राहू द्या. स्लो लॅपटॉपवर आजी दिसत तरी होती.