स्वरांवाचून गिटार

अलिबाग, रेवदंडा, मुरूड या आमच्या किनाऱ्यावरील सुशिक्षित घरांतून अलीकडे गिटार शिकण्याची हौस दिसू लागली आहे. याचे आम्हांस मुळीच वैषम्य वाटत नाही. वैषम्य वाटते ते शिकविण्याच्या रूढ तऱ्हेचे.

आमच्याच घरचे उदाहरण घ्या. आमची पुतणी मे महिन्याच्या सुटीत एका वर्गास जाऊ लागली. दोन महिन्यांत तिने बोटांची आठदहा चित्रे तोंडपाठ केली. आम्ही सहज विचारले, ‘‘ए मेजरवरून ए मायनरवर येताना काय बदलते गं?’’ ती म्हणाली, ‘‘काका, दुसऱ्या तारेवरचं बोट एक पडदा मागे जातं.’’ उत्तर चूक नव्हते. परंतु ‘ए’ हा षड्ज मानला, तर त्या एका पडद्याने शुद्ध गंधाराचा कोमल गंधार झाला, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. लहानपणी पेटीवर सरगम गिरविलेल्या मुलीला ते समजावयास पाच मिनिटे पुरली असती. ती पाच मिनिटे कोणी दिली नाहीत; आणि गणपती येईतो गिटार खुंटीवर गेली.

वास्तविक कॉर्ड म्हणजे गूढ विद्या नव्हे. एक स्वर घ्यावा, त्यापुढील एक सोडून तिसरा घ्यावा, पुन्हा एक सोडून पाचवा घ्यावा, आणि तिन्ही एकदम वाजवावे. सा-ग-प हा पहिला संघ, म-ध-सा दुसरा, प-नी-रे तिसरा. या तिघांत मिळून सातही शुद्ध स्वर येऊन जातात. नवशिक्याची शेकडो गाणी तीनच कॉर्डांवर का निभावतात, याचे इंगित एवढेच. ‘सी’ची कॉर्ड धरून पाच तारा छेडल्या, तर सा, ग, प, सा, ग असेच स्वर क्रमाने उमटतात. हे ज्याला उमगले त्याला चित्रांची गरज फार काळ उरत नाही; ज्याला उमगले नाही तो शंभर चित्रे पाठ करूनही परावलंबीच राहतो.

येथे शुद्धतेचे अभिमानी आम्हांस दटावतील, की स्वरसंघ ही परकी वस्तू असून तिने कान बिघडतो. परकेपणाचा आक्षेप निदान या किनाऱ्यावर तरी शोभत नाही. पोर्तुगीजांचा अंमल १७४० साली उठला, तरी कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज वळणाची बोली आजही घरोघर नांदते आहे. आणि भजनात जी पेटी आपण देवापुढे ठेवतो तीही युरोपातूनच आली. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली. तीन दशकांनंतर ती सैल करावी लागली. शिवाय खर्जाची तार नीट जुळलेल्या तंबोऱ्यातून स्वयंभू गंधार आपोआप ऐकू येतो, त्याचे काय? षड्ज, पंचम आणि गंधार तेथे एकत्रच नांदतात. संवादी आणि विवादी हे शब्दही भरताच्या नाट्यशास्त्रातले आहेत, लंडनहून आणविलेले नव्हेत.

तथापि या मंडळींच्या म्हणण्यातील सत्यांश आम्ही नाकारीत नाही. गिटारच्या पडद्यावरचा गंधार त्या स्वयंभू गंधाराहून, अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने, चढा असतो. तसेच भूपात मध्यम-निषाद वर्ज्य; म्हणून म-ध-सा किंवा प-नी-रे तेथे वाजविणे म्हणजे रागाचा गळा दाबणे होय. भूपाच्या स्वरांत सा-ग-प आणि ध-सा-ग हे दोनच संघ बसतात. पण हा विवेक येणार कोणाला? ज्याला कॉर्डमधले स्वर ओळखता येतात त्यालाच. चित्रे पाहून बोटे टेकविणारा भूपाचा खून करील आणि त्याला पत्ताही लागणार नाही. म्हणजे शुद्धतेच्या अभिमान्यांनी ज्या ज्ञानाचा धिक्कार करावा, तेच त्यांच्या रागांचे रक्षण करणारे आहे!

गोव्याकडे पाहावे. तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वर वाचावयास आणि गावयास शिकवीत. त्याच मातीतून सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे संयोजक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले आणि रागांवर बेतलेल्या चालींभोवती त्यांनी वाद्यमेळ रचला. अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ साली या दोन परंपरांच्या मिलाफासाठी मुंबईत वाद्यवृंदच उभारला. त्यांची बोटे चपळ होती हे खरे. पण त्याआधी त्यांचे कान तयार झालेले होते.

सबब आमचे पालकांस सांगणे एवढेच, की मुलाला गिटारच्या वर्गात घालण्यापूर्वी शिक्षकास एकच प्रश्न विचारावा : ‘‘ही कॉर्ड कोणत्या स्वरांची, हे आपण मुलाकडून गाऊन घेता काय?’’ उत्तर ‘नाही’ असे आले तर फी खिशातच ठेवावी, घरची पेटी उघडावी आणि सा-ग-प एकदम दाबून मुलाला ऐकवावे. मग गंधार कोमल करून पुन्हा ऐकवावे. दोहोंतील फरकाने मुलाचा चेहरा बदलला, की समजावे, शिक्षणास आरंभ झाला. गिटार त्यानंतर आणली तरी उशीर होत नाही.