आधी कार्यशाळा, मग पदवी

काशी हिंदू विश्वविद्यालयाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९१९ साली सुरू झाले. त्याच्या इमारतींमध्ये सर्वप्रथम उभी राहिली ती कार्यशाळा आणि अभ्यासक्रमांमध्ये सर्वप्रथम सुरू झाला तो कारागिरांचा. यंत्र आणि विद्युत अभियांत्रिकीचे पदवी-शिक्षण देशात रुजविणाऱ्या अगदी पहिल्या संस्थांत या महाविद्यालयाची गणना होते. त्या कीर्तीचा पाया मात्र भाता, ऐरण आणि लेथ यांवर घातला गेला होता.

हा क्रम योगायोगाने ठरलेला नव्हता. रुरकी (१८४७) आणि पुणे (१८५४) येथील अभियांत्रिकी शिक्षणाचा प्रारंभ झाला तो मुख्यतः सरकारी बांधकाम खात्याला माणसे पुरविण्यासाठी. रस्ते, कालवे, पूल यांची गरज राज्यकर्त्यांना होती. या देशात यंत्रे घडावीत, ही निकड त्यांना नव्हती. महामना पं. मदनमोहन मालवीय यांनी हे मर्म अचूक हेरले. १९१६ साली नेमलेल्या भारतीय औद्योगिक आयोगाचे ते सदस्य होते. १९१८ च्या अहवालाला त्यांनी स्वतंत्र भिन्नमतपत्रिका जोडली. भारतीय उद्योगांच्या ऱ्हासाचा इतिहास त्यांनी तीत मांडला आणि जपान व जर्मनीची उदाहरणे देऊन तंत्रशिक्षणाचा आग्रह धरला. प्रतिपादन करून ते थांबले नाहीत. राजेरजवाड्यांपासून सामान्य गृहस्थांपर्यंत सर्वांच्या देणग्यांवर उभ्या राहिलेल्या विद्यापीठात त्यांनी यंत्रशिक्षणाला स्थान दिले. पहिले प्राचार्य म्हणून चार्ल्स किंग या इंग्रज अभियंत्याला नेमताना त्यांच्या स्वदेशीनिष्ठेला बाध आला नाही. विद्या जेथून मिळेल तेथून घ्यावी. घडणारे हात मात्र स्वदेशातील असावेत, हाच त्याचा अर्थ.

याच महाविद्यालयाच्या परंपरेतील संस्थेला २०१२ साली आयआयटीचा दर्जा मिळाला. मात्र आज गल्लोगल्ली निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांपैकी अनेकांत कार्यशाळेची अवस्था काय आहे? तपासणी समिती येणार म्हणून यंत्रांना रंग लागतो. समिती गेली की दाराला कुलूप लागते. एका लेथभोवती वीस विद्यार्थी उभे राहतात. एक काम करतो, उरलेले वहीत आकृती उतरवितात.

आता सारे संगणकावर शिकविता येते, मग इतका खर्च कशाला, असे म्हटले जाते. परंतु पडद्यावरील पोलाद तापत नाही, हत्याराची धार बोथट होत नाही आणि चुकलेला साचा पुन्हा वितळवावा लागत नाही. पदार्थाचा हा विरोध ज्याने हाताने अनुभवला नाही, तो यंत्र वापरू शकेल. नवे यंत्र रचणे त्याला कठीण जाईल.

दोष केवळ संस्थाचालकांचा नाही. खंडेनवमीला हत्यारांची भक्तिभावाने पूजा करणारा समाज आपल्या मुलाच्या हाती कानस दिसली की अस्वस्थ होतो. बुद्धी श्रेष्ठ आणि हात कनिष्ठ, या भेदाने देशाची मोठी हानी केली आहे. पदवीपूर्वी कारागिरांचा वर्ग सुरू करणाऱ्या काशीने या भेदालाच उत्तर दिले होते.

प्रवेशाच्या हंगामात पालक महाविद्यालयाची वातानुकूलित सभागृहे पाहतात, नोकऱ्यांचे आकडे विचारतात. त्यांनी कार्यशाळेचे दार उघडून दाखविण्याचा आग्रह धरावा. यंत्रांखाली लोखंडाचा ताजा कीस पडलेला आहे की नाही, एवढे पाहिले तरी त्या संस्थेची परीक्षा होईल.