वय 33, शिकायचंय नर्सिंग

माझी एक जुनी विद्यार्थिनी, दोन लेकरांची आई, 33व्या वर्षी नर्सिंग शिकायचं म्हणते. घरचे म्हणतात, शिकायचंच तर बंगळूरचं मोठं कॉलेज बघ. मी म्हणते, बेळगावातच शीक.

जीएनएम 3 वर्षांचं. बारावी कुठल्याही शाखेची चालते, पण इंग्रजी हवं आणि गुण किमान 40 टक्के. वयाची मर्यादा 35, तेव्हा हिला घोळ घालत बसायला सवड नाही.

कॉलेजची इमारत काय बघायची? विचारायचं ते हे, की स्वतःचं हॉस्पिटल आहे, का पोरींना प्रॅक्टिकलसाठी बसमधून लांब नेतात? हॉस्टेल सक्तीचं आहे का? लेकुरवाळीचं सगळं त्यावरच अडतं. नर्सिंग कौन्सिलची मान्यता कागदावर बघावी. एजंटाच्या तोंडी शब्दावर एक रुपया देऊ नये. (तो गोड बोलतो, हे वेगळं सांगायला नको.)

आणि नाईट ड्युटीला लेकरं कोण सांभाळणार, हे प्रवेशाआधीच ठरवा. सासूबाई आहेत, नवराही आहे. त्यालाही भात लावता येतो. आपल्या वेणुग्रामात माझ्यासारखे निवृत्त शिक्षक कमी नाहीत. दोघांचा संध्याकाळचा अभ्यास मी घेईन, असं तिच्या घरी सांगून आले आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, बेळगाव