नोव्हेंबरची बैठक

भाऊबीज झाली, पाहुणे आपापल्या गावी परतले आणि आता कुठे दिवाळी अंक निवांत हातात घेता येत आहेत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा अखंड चालू आहे. ज्या अंकात संपूर्ण कादंबरी असते, त्या अंकाला वाचनालयात आजही आधी मागणी येते. अंक वाचणाऱ्यांतच एक मोठा वर्ग असा आहे, ज्याला मनातून स्वतः लिहायचे असते. नाशिकमध्ये अशी माणसे बँकेत आहेत, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत तिन्ही पाळ्यांमध्ये आहेत, शाळांच्या शिक्षक खोल्यांत आहेत आणि दुपारी दोननंतर ओटा आवरून बसणाऱ्या घरांत तर आहेतच. ‘एक कादंबरी लिहायची आहे, पण वेळच मिळत नाही’ हे त्यांचे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे आणि ते खोटे आहे असे आम्हाला एकदाही वाटलेले नाही.

येत्या शनिवारी १ नोव्हेंबर आहे. जगभरातल्या अशाच माणसांनी गेली पंचवीस वर्षे हा महिना कादंबरीसाठी राखून ठेवला. जुलै १९९९ मध्ये अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को परिसरात ख्रिस बेटी नावाच्या तरुणाने वीस मित्र जमवले आणि एका महिन्यात प्रत्येकाने कादंबरी लिहायची असे ठरवले. पुढच्या वर्षी हा उपक्रम नोव्हेंबरात आला आणि पन्नास हजार शब्द, तीस दिवस हा नेम पक्का झाला. ‘नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ’ हे लांबलचक नाव ‘नॅनोरायमो’ असे आटोपशीर होऊन खंडोखंडी पोचले. सारा ग्रुएन यांची ‘वॉटर फॉर एलिफंट्स’ आणि एरिन मॉर्गनस्टर्न यांची ‘द नाइट सर्कस’ या गाजलेल्या कादंबऱ्यांचे पहिले खर्डे अशा नोव्हेंबरांतले आहेत.

हा उपक्रम चालवणाऱ्या संस्थेने ३१ मार्च २०२५ रोजी आपला कारभार थांबवत असल्याचे जाहीर केले. पैशांची ओढाताण जुनी होती. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये लेखनासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याला सरसकट विरोध करायला संस्थेने नकार दिला, तेव्हा काही नामवंत लेखक तिच्या मंडळांतून बाहेर पडले होते. म्हणजे यंदाच्या नोव्हेंबरला कोणी यजमान नाही. आम्हाला यात वाईटाइतकेच चांगलेही दिसते. महिना कोणाच्या मालकीचा नसतो. नाशिकने तो आपल्या पद्धतीने वापरावा, एवढ्यासाठी हा लेख.

महिन्याभरात कादंबरी होते का, हा पहिला आक्षेप. तो घेणाऱ्यांनी शेजारच्या खानदेशाकडे पाहावे. १९६३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात पंचवीस वर्षांचे भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीत, आपल्या गावच्या घरात लिहायला बसले आणि तीन आठवड्यांच्या आत ‘कोसला’ लिहून उठले. रा. ज. देशमुखांनी ती त्याच वर्षी छापली. मराठी कादंबरीची चाल तिने बदलली. याच नेमाडेंची ‘हिंदू’ वाचकांच्या हाती यायला २०१० साल उजाडले. तिच्यामागे काही दशकांची मेहनत होती. हात एकच, पण एका पुस्तकाला आठवडे पुरले आणि दुसऱ्याला अर्धे आयुष्य लागले. तेव्हा किती दिवस बसलात यावरून कादंबरीची परीक्षा करता येत नाही. बसण्याआधी किती साठले होते, हे पाहावे लागते. ‘कोसला’च्या त्या आठवड्यांत पंचवीस वर्षांचे गाव, पुणे, वसतिगृह आणि मुंबईतली फरफट आधीच भरलेली होती.

नाशिकच्या वाचकाला हे द्राक्षबागेवरून लगेच उमगेल. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. त्यानंतर मे-जूनच्या उन्हात काडीवरच्या डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतो, बाहेरून काहीही दिसत नसताना. ऑक्टोबरात गोडी छाटणी केली की डोळा फुटतो आणि आत असेल तोच घड बाहेर येतो. यंदा मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि तो हटेना. ऊन मिळाले नाही. आता निफाड-दिंडोरीच्या कितीतरी बागांत छाटणीनंतर फूट जोमदार आहे, पण घड नाहीत किंवा त्यांची बाळी, म्हणजे नुसता तणावा, झाली आहे. ऑक्टोबरात कितीही फवारण्या केल्या तरी मे-जूनची भरपाई होत नाही, हे त्या शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. त्याचे नुकसान फार मोठे आहे आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहावेच लागेल.

म्हणून तयारीचा खरा प्रश्न वहीचा किंवा लॅपटॉपचा नाही. आपल्याजवळ काय साठले आहे याचा शोध या आठवड्यात घ्यायला हवा. जे माणूस, जे घर, जी घटना वर्षानुवर्षे मनातून जात नाही, ती कादंबरीची जागा. नाशिक जिल्ह्यात विषयांची वाण नाही. लासलगावचा कांदा लिलाव आहे, मालेगावचे यंत्रमाग आहेत, नाशिकरोडच्या नोटप्रेसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केलेली कुटुंबे आहेत. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह पुढे काही वर्षे चालला. त्या काळात पंचवटीतल्या एखाद्या घरात, दोन्ही बाजूंच्या घरांत, काय बोलले जात होते, हे लिहायला केवढा वाव आहे! २०२७ च्या सिंहस्थासाठी शहर आताच उकरले जात आहे. हे बदलते नाशिक आज नोंदवून ठेवणारा कोणी असेल, तर दहा वर्षांनी त्याच्याकडेच कादंबरी असेल.

या शहरात लिहिण्याची रीतही जुनी आहे. कुसुमाग्रज म्हटले की कविता आणि ‘नटसम्राट’ आठवतात. पण ‘वैष्णव’, ‘जान्हवी’ आणि ‘कल्पनेच्या तीरावर’ या कादंबऱ्याही त्यांच्याच. वसंत कानेटकर हं. प्रा. ठा. महाविद्यालयात शिकवत होते. १९५७ मध्ये ‘वेड्याचं घर उन्हात’ रंगभूमीवर येण्यापूर्वी ते ‘घर’, ‘पंख’, ‘पोरका’ या कादंबऱ्यांचे लेखक होते. बाबुराव बागुलांनी मिळेल ते श्रमाचे काम करत लिहिले आणि १९६३ मध्येच, म्हणजे ‘कोसला’च्याच वर्षी, ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह दिला. ‘सूड’ ही त्यांची छोटी कादंबरी पुढे आली. या तिघांपैकी बागुलांचे उदाहरण आम्हाला आज सर्वांत जवळचे वाटते. लिहायला सवड मिळेल अशी परिस्थिती त्यांना कोणी दिली नव्हती.

आता बैठकीविषयी. फ्योदोर दोस्तोयेव्हस्कीवर १८६६ च्या ऑक्टोबरात फार वाईट वेळ आली होती. प्रकाशकाशी केलेल्या करारानुसार १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढची नऊ वर्षे त्याचे लेखन त्या प्रकाशकाला फुकट छापता येणार होते. हातात एकही पान नव्हते. मित्रांच्या सल्ल्याने त्याने लघुलेखन शिकलेली वीस वर्षांची मुलगी नेमली, आन्ना स्निटकिना. तो रात्री टिपणे काढायचा आणि दुपारी त्यांवरून तिला मजकूर सांगायचा. ती संध्याकाळी घरी जाऊन लघुलिपीतून पाने स्वच्छ उतरवायची आणि दुसऱ्या दिवशी घेऊन यायची. तो ती दुरुस्त करून पुढचे सांगायला लागायचा. सव्वीस दिवसांत ‘द गॅम्बलर’ पूर्ण झाली. जुगाराचे व्यसन त्याने स्वतः भोगले होते, त्यामुळे साठा होता. पण रोज दुपारी दार वाजणार आणि कोणीतरी पाने मागणार, हे नसते तर तो साठा त्या महिन्यात कागदावर उतरला नसता. पुढल्या फेब्रुवारीत त्या दोघांनी लग्न केले. त्याच्या नंतरच्या मोठ्या कादंबऱ्याही तिने अशाच उतरवून घेतल्या, हे वाङ्मयाच्या इतिहासात अधिक ठळकपणे लिहिले जायला हवे.

आपल्याकडे हेच काम साप्ताहिकांनी केले. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातून प्रकरणाप्रकरणाने वाचकांसमोर आली. अंक निघायचा म्हणजे प्रकरण लागायचेच. या घाईने त्यांच्या काही कादंबऱ्या पसरट झाल्या, काही अपुऱ्याच राहिल्या. पण ती वाट पाहणारी जागा नसती, तर ‘पण लक्षात कोण घेतो’मधल्या यमूची कहाणी इतक्या घरांत पोचली नसती.

तेव्हा महिनाभर लिहू पाहणाऱ्याला पहिली गरज आहे ती वाट पाहणाऱ्या कोणाची तरी. रविवारी संध्याकाळी पाने मागणारा एक मित्र, एक बहीण, एक जुन्या शाळेतल्या बाई पुरतात. त्यांनी मत द्यायचे नाही, पाने मोजून ठेवायची. महिनाअखेरपर्यंत मत ऐकूच नये, असे आमचे स्पष्ट सांगणे आहे. पहिल्या खर्ड्याला शाबासकी जितकी घातक, तितकीच टीकाही.

दुसरे, आकड्याचे दडपण घेऊ नये. पन्नास हजार शब्द म्हणजे दिवसाला साधारण सोळाशे सदुसष्ट. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडली जातात, म्हणून तेवढ्याच शब्दांत इंग्रजीपेक्षा अधिक मजकूर मावतो. नोकरी सांभाळणाऱ्याने शब्द मोजत बसण्यापेक्षा रोजची चार फुलस्केप पाने धरावीत. महिन्याला एकशेवीस पाने होतील आणि पहिल्या खर्ड्याला ती खूप झाली. शब्दांचे ढीग यंत्रही घालू शकते, काही मिनिटांत घालते. त्या ढिगात लिहिणाऱ्याचे स्वतःचे काही साठलेले नसते, आणि लिहिता लिहिता जे सापडते तेही त्याला मिळत नाही. रोज बसणाऱ्याला विसाव्या दिवशी आपले पात्र आपल्या मनाविरुद्ध बोलताना ऐकू येते. त्या एका दिवसासाठी आधीचे एकोणीस दिवस घालवायचे असतात.

या आठवड्यात करण्यासारखी कामे साधी आहेत. मुख्य पात्रांची जन्मसाले लिहून ठेवावीत, म्हणजे आजी नातीपेक्षा पस्तीसच वर्षांनी मोठी निघत नाही. कथा ज्या वर्षी घडते त्या वर्षीचे वर्तमानपत्र कुठे जुन्या फायलींत मिळाले तर चाळावे. कांद्याचा भाव, सिनेमाची जाहिरात, पाण्याची टंचाई अशा बारीक गोष्टींनी काळ उभा राहतो. लिलावावर लिहायचे असेल, तर एक सकाळ बाजार समितीत उभे राहून नुसते ऐकावे. शेवट काय होणार ते एका ओळीत लिहून ठेवावे, पुढे तो बदलला तरी चालेल. आणि घरच्यांशी आधीच बोलावे. पुरुष लिहायला बसला की घर आवाज कमी करते. बाई लिहायला बसली की घर तिला हाक मारते. ‘आई महिनाभर रात्री नऊ ते साडेदहा लिहिणार आहे, तेव्हा मागचे आवरणे आपले’ असे मुलांनी आणि त्यांच्या वडिलांनी ठरवले, तर नाशिकमध्ये यंदा किती कादंबऱ्या सुरू होतील!

१ डिसेंबरला हाती येईल तो खर्डा असेल. तो लगेच प्रकाशकाकडे पाठवू नये. संक्रांतीपर्यंत कपाटात ठेवावा आणि मग परका होऊन वाचावा. ‘द नाइट सर्कस’चा खर्डा अशा महिन्यांतून तयार झाला, पण २०११ मध्ये छापून येण्याआधी मॉर्गनस्टर्न यांनी तो वर्षानुवर्षे पुन्हा लिहिला. आपल्याकडे पुनर्लेखनाला अजून कमीपणा मानतात. हस्तलिखितावर संपादकीय संस्कार करणारे प्रकाशक थोडे आहेत, म्हणून ती जबाबदारीही लेखकावरच येते.

शेवटची गोष्ट लेखकांना उद्देशून नाही. नाशिकने १९४२, २००५ आणि २०२१ अशी तीन अखिल भारतीय साहित्य संमेलने भरवली. आडगावच्या मांडवात काय गर्दी होती ते सर्वांना आठवते. सन्मान, परिसंवाद, पुस्तकविक्री यांत हे शहर कधी मागे पडले नाही. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाच्या पेट्या तर नाशिकहून परदेशातही पोचल्या. वाचणाऱ्याची इतकी काळजी घेणाऱ्या शहरात लिहिणाऱ्याला मात्र बसायला जागा नाही. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही चालू असतो, अभ्यासिकांतल्या जागा स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी भरलेल्या असतात आणि ती त्यांची गरजच आहे. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून या शहराचे आहे. आमची विनंती त्याला आहे, तशीच उपनगरांतल्या छोट्या वाचनालयांनाही आहे. नोव्हेंबरचे तीस दिवस रोज संध्याकाळी सात ते नऊ एक खोली, दहा खुर्च्या, लांब टेबल आणि पिण्याचे पाणी द्यावे. उद्घाटन नको, पाहुणे नकोत, फलक नको. येणाऱ्याचे नाव वहीत लिहावे आणि जाताना त्याने किती पाने लिहिली तेवढे त्यापुढे मांडावे. दिव्याचे बिल आणि शिपायाचे दोन तासांचे जादा मानधन एवढाच खर्च. त्यासाठी कार्यकारिणीची एक बैठक लागेल, आणि शनिवारच्या आत ती घेता येईल.