विश्लेषण : बीटच्या कारखान्यातून इंग्लंडच्या संघात… रिकी लॅम्बर्टला वर कोणी आणले?

१४ ऑगस्ट २०१३, वेम्बली स्टेडियम. इंग्लंड-स्कॉटलंड सामना २-२ असा बरोबरीत. बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या ३१ वर्षीय रिकी लॅम्बर्टने चेंडूला पहिलाच स्पर्श केला तो डोक्याने, आणि चेंडू थेट जाळ्यात गेला. इंग्लंड ३-२ असे जिंकले. पदार्पणातील हा गोल आजही जिद्दीची कहाणी म्हणून सांगितला जातो. पण जिद्द हे अर्धेच उत्तर आहे.

सुरुवात कशी झाली?

लिव्हरपूलजवळच्या कर्कबीत जन्मलेल्या लॅम्बर्टला लिव्हरपूलच्या अकादमीने १५व्या वर्षी सोडून दिले. पुढे ब्लॅकपूलनेही त्याला करारमुक्त केले. हाती क्लब नव्हता, तेव्हा त्याने बीटच्या कारखान्यात काम केले. मग मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स अशी वर्षे गेली.

खालच्या लीगमधील आयुष्य कसे असते?

प्रीमियर लीगमध्ये २० संघ. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४ संघ. इथे करार बहुधा छोटे असतात. आघाडीपटूचा हिशेब तर आणखी रोकडा. बचावपटूचा चांगला खेळ आकड्यांत लपतो, पण आघाडीपटूचे गोल आटले की सगळ्यांना दिसते. त्यात दुखापत झाली, तर पुढचा करार मिळेलच असे नाही.

मग तो वर कसा आला?

लॅम्बर्टने २००८-०९ मध्ये लीग वनमध्ये २९ गोल केले. तरीही त्याला घेतले ते लीग वनमध्येच घसरलेल्या साउदॅम्प्टनने, सुमारे १० लाख पौंडांना. हा संघ २०११ मध्ये चॅम्पियनशिपमध्ये आणि २०१२ मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. चॅम्पियनशिपच्या त्या हंगामात २७ गोलांसह लॅम्बर्ट अव्वल होता. प्रीमियर लीगच्या पहिल्याच हंगामात त्याने १५ गोल केले.

तिशीत त्याचा वेग अचानक वाढला नव्हता. खेळाडू तोच होता. बढती मिळाली म्हणून त्याचा संघ वर गेला आणि संघाबरोबर तोही. जे अकादमीला १५व्या वर्षी दिसले नाही, ते बढतीच्या शिडीने दाखवून दिले. २०१४ मध्ये त्याच लिव्हरपूलने त्याच्यासाठी सुमारे ४० लाख पौंड मोजले.

भारतासाठी याचा अर्थ काय?

इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली. मैदानावरील निकालाच्या बळावर खालून या स्पर्धेत आलेला पहिला संघ पंजाब एफसी, तोही २०२३ मध्ये. गुंतवणूकदारांना स्थैर्य हवे, हा बंद लीगच्या बाजूचा युक्तिवाद चुकीचा नाही. पण त्या स्थैर्याची किंमत खालच्या लीगमधला खेळाडू चुकवतो. त्याचा संघ जिंकला तरी तिथेच राहतो.

खालच्या लीगमधील बहुतेक आघाडीपटू वर पोहोचत नाहीत, इंग्लंडमध्येही नाहीत. शिडी यशाची हमी देत नाही. मात्र १५व्या वर्षी दिलेला निकाल अंतिम ठरू नये, एवढे ती नक्की पाहते. त्यामुळे पुढचा लॅम्बर्ट कुठे आहे, हे विचारण्याआधी त्याच्यासाठी शिडी लावली आहे का, हे विचारायला हवे.