आकाशाचा रोजमेळ



समुद्राची भरती कधी येणार, हे सांगण्याचा एक जुना हिशेब कोकणपट्टीत प्रचलित आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा तास निघतो. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा आणि पौर्णिमेस पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. दिवसाही आणि रात्रीही. रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावर पुनवेच्या रात्री उभे राहिल्यास हा हिशेब कितपत जुळतो, ते कोणालाही पाहता येईल. तो स्थूल आहे, बंदरागणिक त्यात थोडा फरक पडतो. पण आकाशातील चंद्राचा आपल्या रोजच्या व्यवहाराशी किती निकटचा संबंध आहे, हे त्यातून सहज उमगते.

चंद्रग्रहणही पौर्णिमेसच होते. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत आले की पृथ्वीची छाया चंद्रावर पडते. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी कललेली असल्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र त्या छायेच्या वरून किंवा खालून निघून जातो. ग्रहण छायेमुळे होते, हे आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास स्पष्ट लिहून ठेवले आहे. खग्रास अवस्थेतही चंद्र दिसेनासा होत नाही, तांबूस दिसतो. कारण पृथ्वीच्या वातावरणातून वळलेला लाल प्रकाश त्याच्यापर्यंत पोहोचत राहतो.

आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांनी या घटनेचे पाच क्षण मानले आहेत : स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन आणि मोक्ष. ७ सप्टेंबर २०२५ च्या ग्रहणात स्पर्श रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी, संमीलन ११ वाजून १ मिनिटाने, उन्मीलन १२ वाजून २३ मिनिटांनी आणि मोक्ष १ वाजून २६ मिनिटांनी होता. ८२ मिनिटांची ती खग्रास अवस्था कधी सुरू होणार व कधी संपणार, हे कितीतरी आधी मिनिटापर्यंत वर्तवलेले होते. इतका नेमकेपणा कोठून आला, हा प्रश्न व्यापारी घरातील मनुष्यास तरी पडावा. कारण त्याचे उत्तर आपल्या वहीच्या रीतीत आहे.

सूर्यप्रज्ञप्तीत पाच वर्षांचे एक युग मानले आहे. त्यात १८३० दिवस आणि ६२ चांद्रमास. भागाकार केला तर एक चांद्रमास सुमारे २९.५१६ दिवसांचा येतो. आजच्या मापनाप्रमाणे तो सरासरी २९.५३१ दिवसांचा आहे. म्हणजे महिन्याला फरक अवघा २१ मिनिटांचा. दुर्बीण नसलेल्या काळातील हे गणित आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पूर्वसूरींविषयी आदरच वाटतो. तथापि वहीत महिन्याला थोडीशी चूकही पुढे ओढली गेली की वर्षअखेर तिचे काय होते, हे आपण जाणतो. ६२ महिन्यांत हेच २१ मिनिटे साडेएकवीस तासांच्या घरात जातात. जवळजवळ एक अख्खी तिथी. म्हणूनच गणित कितीही उत्तम असो, आकाशाशी त्याचा मेळ पुन्हा पुन्हा घालावा लागतो. ग्रहण हा त्या मेळाचा दिवस; त्या रात्री गणिताची वेळ आणि डोळ्यांना दिसलेली वेळ यांत जी तफावत निघते, ती झाकून ठेवता येत नाही.

हा मेळ घालणारी माणसे याच किनाऱ्याने दिली आहेत. जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे केशव दैवज्ञ स्वतः आकाश पाहून ग्रहगणितात दुरुस्त्या करीत. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी इ. स. १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचला, आणि महाराष्ट्रातील पंचांगे पुढे शतकानुशतके त्यावरून होत राहिली. इतक्या दीर्घ काळात त्यातही फरक साचला. एकोणिसाव्या शतकात अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या वेधांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ तयार केली आणि शुद्ध पंचांगाचा पाया घातला. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक हे त्यांचेच विद्यार्थी.

दापोली तालुक्यातील मुरूड गावचे शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) पेशाने शिक्षक. सामान्य वाचकास आकाशाची गोडी लागावी म्हणून त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहिला. १८९६ मध्ये त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा थोर ग्रंथ प्रसिद्ध झाला. गुप्तकालीन शिलालेखांतील तिथींचे गणित त्यांनी फ्लीट यांना करून दिले. ग्रहणकाळी दिलेल्या दानांचे ताम्रपट आपल्याकडे पुष्कळ आहेत. ग्रहण मागे मोजत जाऊन त्यांची तारीख पडताळता येते. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात शाळा सांभाळून एका मनुष्याने हे केले.

या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. अष्टमी, चतुर्दशी, पाखी, पर्युषण हे सर्व तिथीवर चालते, आणि तिथी म्हणजे सूर्य व चंद्र यांतील बारा अंशांचे अंतर. उपवास कोणत्या दिवशी, यावरून संघात दोन मते पडतात तेव्हा पंचांगांची नावे घेतली जातात; पंचांग कशावरून बनते, हे मात्र घरात क्वचितच कोणास ठाऊक असते. आपल्या मुलांनी दुकानाची वही समजून घ्यावी असे आपणांस वाटते. ज्या गणितावर आपली व्रते उभी आहेत, ते त्यांनी निदान एकदा तरी डोळ्यांनी पडताळून पाहू नये काय?

तशी संधी ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री येणार आहे. साडेआठनंतर स्पर्श, पावणेदहाच्या सुमारास संमीलन, अकराच्या सुमारास उन्मीलन आणि बारा वाजून गेल्यावर मोक्ष. त्या ऋतूत कोकणचे आकाश बहुधा निरभ्र असते. मांडवीवर त्या वेळी समुद्राकडे पाठ करून शहराच्या अंगाला, पूर्वेकडे उंच पाहावे लागेल. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी पाहण्यात धोका नाही. सूर्यग्रहणास मात्र ही मोकळीक लावू नये. आपल्याकडे भोजन सूर्यास्तापूर्वीच आटोपते, आणि ज्या घरांत ग्रहणकाळी सूत्रवाचन बंद ठेवतात त्यांचाही तो वेळ मोकळाच असतो.

मुलांच्या हाती एक कोरी वही द्यावी. डाव्या बाजूस पंचांगातील पाच वेळा आधीच लिहून घ्याव्यात, उजव्या बाजूस आपल्याला दिसलेल्या. खग्रास अवस्थेतील रंग करडा, विटकरी की तांब्यासारखा, हेही नोंदवावे. वातावरणात धूळ अधिक असेल तर चंद्र अधिक काळवंडतो. १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाल्यानंतर डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात तो अतिशय काळा दिसला होता. छायेची कड धूसर असल्याने दोन भावंडांच्या वेळांतही मिनिटा-दोन मिनिटांचा फरक पडेल. तो खोडू नये, दोन्ही वेळा नावानिशी लिहाव्यात. पुढच्या ग्रहणास तीच वही काढावी आणि मागील पानापासून पुढे चालू करावी.